घाव कोणावर पडतो?

पदवीच्या शेवटच्या वर्षाच्या वर्गात मी प्रेमचंदांची 'सद्गती' वाचून दाखवीत होतो. वाचन संपले तेव्हा मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारले, "सर, दुखीला राग का येत नाही?" काही मुले हसली. मी ठरावीक उत्तर दिले : शतकानुशतकांचे धर्मसंस्कार, मानसिक गुलामगिरी, वगैरे. मुलगा खाली बसला, पण त्याचे समाधान झालेले नव्हते. माझेही झालेले नव्हते. मी दिलेले उत्तर समाजशास्त्राचे होते. त्याचा प्रश्न कथेविषयी होता.

दलित व्यक्तिरेखांची आपल्याकडील चर्चा बहुधा सहानुभूती की स्वानुभूती या एकाच वादाभोवती फिरते. हा वाद आवश्यक होता. ज्यांनी आमच्या वस्तीत पाऊल टाकले नाही तेच आमचे दुःख रंगवून मानसन्मान मिळवीत होते, तेव्हा 'तुम्ही कोण?' हा प्रश्न विचारावाच लागला. परंतु लेखकाची जात कळली की चर्चा संपते, हे मात्र मला मान्य नाही. जातीचा दाखला तपासणे हे तहसील कचेरीचे काम आहे, समीक्षेचे नव्हे. व्यक्तिरेखा, सूर आणि तंत्र या गोष्टी प्रस्थापितांच्या चैनीच्या आहेत असे समजून आपण त्यांच्याकडे दुर्लक्ष केले, तर आपल्याच हातातले एक हत्यार आपण गमावून बसू.

म्हणून मी एक साधी कसोटी सुचवितो. कथेत किंवा चित्रपटात घाव कोणावर पडतो? आणि तो पडतो तेव्हा वाचक किंवा प्रेक्षक कोठे उभा असतो? या दोन प्रश्नांची उत्तरे शोधू लागलो की व्यक्तिरेखा, सूर आणि तंत्र हे तिन्ही आपोआप हाती लागतात.

१

दुखी चांभार मुलीच्या सोयरिकीचा मुहूर्त विचारायला पंडिताकडे जातो. पंडित त्याला झाडलोट करायला लावतो, भुसा वाहायला लावतो, गाठाळ ओंडका फोडायला लावतो. पोटात अन्न नाही. पंडिताची बायको चिमट्याने निखारा फेकते आणि तो दुखीच्या डोक्यावर पडतो. तेव्हाही ब्राह्मणाचे घर विटाळल्याचे हे फळ आहे, असेच तो मनात म्हणतो. प्रेमचंद येथे दुखीच्या मनात शिरतात, पण त्यांना तेथे श्रद्धेखेरीज काही दिसत नाही. राग आहे तो निवेदकाच्या सुरात. कथेच्या नावातच तो उपरोध भरून राहिला आहे. म्हणजे दुखीच्या वतीने रागावण्याचे काम लेखक स्वतःकडे घेतो आणि दुखीला भोळा ठेवतो.

पण एवढे म्हणून थांबलो तर प्रेमचंदांवर अन्याय होईल. कथेत एक गोंड आहे. काही खायला तरी दिले का, असे तोच दुखीला विचारतो. पुढे प्रेताला हात लावू नका, पोलीस चौकशी होईल, असे चांभारवाड्यात जाऊन तोच सांगतो आणि वस्ती त्याचे ऐकते. लेखकाला नकार दिसत होता, पण तो त्याने नायकाच्या हाती दिला नाही, बाजूच्या माणसाच्या हाती दिला.

आता शेवटचे अर्धा तास पाहा. पंडित ओंडक्यापाशी उभा राहून जोर लावायला सांगतो आणि दुखी वेड्यासारखा घाव घालीत सुटतो. हा उन्माद कशाचा? सत्यजित राय यांनी १९८१ साली दूरदर्शनसाठी या कथेवर चित्रपट केला. कॅमेऱ्याला माणसाच्या मनात शिरता येत नाही. त्याला चेहरा आणि हातच दाखवावे लागतात. त्यामुळे कथेत श्रद्धेने झाकलेली गोष्ट ओम पुरी यांच्या खांद्यांत आणि कुऱ्हाडीत उघडी पडते. दुखीला राग येतो. फक्त तो ओंडक्यावर पडतो. पंडित हाताच्या अंतरावर उभा असतो आणि कुऱ्हाड खाली लाकडावर येते. तंत्र बदलले आणि कथेच्या पोटातला अर्थ वर आला. माझ्या विद्यार्थ्याला मी हे सांगायला हवे होते.

२

प्रेमचंदांच्या कथेत शेवटी दुखीचे प्रेत शेतात पडते आणि कोल्हीकुत्री त्याचे लचके तोडतात. अण्णा भाऊ साठे यांच्या 'स्मशानातील सोनं' मध्येही प्रेत आहे, कोल्ही आहेत. पण येथे आमचा माणूस मेलेला नाही. तो कोल्ह्यांशी झुंजतो आहे.

वारणाकाठचा भीमा पोटासाठी मुंबईला येतो. उपनगरातल्या खाणीत दगड फोडतो. खाण बंद पडते आणि उपासमार सुरू होते. एके दिवशी राखेत त्याला सोने सापडते आणि तो रात्री स्मशाने धुंडाळू लागतो. एका रात्री प्रेताच्या तोंडातले सोने काढताना त्याची बोटे त्या दातांत अडकतात. त्यातली दोन जातात. आणि तेव्हाच बातमी येते की बंद पडलेली खाण पुन्हा सुरू झाली आहे. दगड फोडणारा हा धिप्पाड माणूस ढसढसा रडतो.

हा विषय पांढरपेशा लेखकाच्या हाती पडता तर काय झाले असते? एक तर भीमाला पाप बोचले असते, नाही तर लेखकाला त्याची कीव आली असती. अण्णा भाऊ दोन्ही टाळतात. त्यांचा निवेदक गोष्ट सांगणाऱ्याच्या ठसक्यात झपाझप पुढे जातो. स्मशानातले काम तो खाणीतल्या कामाइतक्याच सरळपणे सांगतो, कारण भीमाच्या दृष्टीने दोन्ही कामेच आहेत. ज्या हातांनी दगड फोडायचा त्याच हातांनी राख चाळायची. येथेही घाव खऱ्या शत्रूवर पडत नाही, कोल्ह्यांवर पडतो. पण वाचक वरून पाहणारा राहत नाही. तो भीमाबरोबर त्या अंधारात ओणवा होतो. मेलेले माणूसही आपले सोने सोडत नाही, हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही. ते बोटांना कळते.

३

आता दोन दगडांविषयी. १९७४ साली श्याम बेनेगल यांचा 'अंकुर' आला. तरुण जमीनदार सूर्या, त्याच्या घरी राबणारी लक्ष्मी आणि तिचा मुकाबहिरा नवरा किष्टय्या. किष्टय्या काम मागायला येतो. तो सूड घ्यायला आला असे समजून भेदरलेला सूर्या त्याला बेदम मारतो. लक्ष्मी त्याला शिव्याशाप देते. शेवटी एक लहान मुलगा सूर्याच्या खिडकीवर दगड मारतो आणि पडदा लाल होतो.

चित्रपट प्रामाणिक आहे, लक्ष्मीची व्यक्तिरेखा तर फारच समर्थ आहे. तरी दोन गोष्टी खटकतात. मार खाणारा माणूस मुका आहे. मुकेपण हे प्रतीक म्हणून सुचले असेल, पण त्यामुळे त्याला बोलू न देण्याची जबाबदारी समाजावरून निसर्गावर जाते. दुसरे असे की काच फुटते ती सूर्याची. आपण अंगणात सुरक्षित उभे असतो, लाल रंग पाहतो आणि येणाऱ्या क्रांतीचे समाधान घेऊन घरी जातो.

पुढे १९१३ नव्हे, तर शंभर वर्षांच्या भारतीय चित्रपटाच्या उंबरठ्यावर, २०१३ साली, नागराज मंजुळे यांच्या 'फॅन्ड्री'त जब्याने दगड उचलला. शाळेशेजारी कैकाडी कुटुंब डुकराच्या मागे धावते आहे आणि जब्याचे सोबती खेळ पाहावा तसे पाहत आहेत. डुक्कर हाती लागणार इतक्यात शाळेत राष्ट्रगीत सुरू होते. सारे कुटुंब जागच्या जागी उभे राहते आणि डुक्कर निसटते. नंतर मेलेले डुक्कर काठीला बांधून नेताना मागच्या भिंतीवर बाबासाहेब आणि जोतिराव-सावित्रीबाई रंगविलेले दिसतात. तोंडाने कोणी एक शब्द बोलत नाही. सूर कोठेही चढत नाही. आमच्यातले काही जण विचारतात, डुक्कर आणि बाबासाहेब एका चौकटीत कशाला? मी म्हणतो, गावात ते एकाच चौकटीत आहेत म्हणून.

शेवटी टिंगल असह्य होते आणि जब्या दगड भिरकावू लागतो. त्यातला अखेरचा दगड सरळ कॅमेऱ्यावर येतो आणि पडदा काळा होतो. दुखीचा घाव ओंडक्यावर, भीमाचा कोल्ह्यांवर, 'अंकुर'मधल्या पोराचा खिडकीवर. जब्याचा दगड प्रथमच बघ्यावर येतो, आणि तिकीट काढून बसलेले आपणही त्या बघ्यांतच आहोत.

४

माझ्या आईने आयुष्यभर मजुरी केली. 'फॅन्ड्री' पाहून ती त्या दगडाविषयी काहीच बोलली नाही. ती बोलली ती जब्याच्या बापाविषयी, सर्वांसमक्ष पोराला मारणाऱ्या कचरूविषयी. "बाप वाईट न्हाई. गावाला मारता येत न्हाई, म्हून पोराला मारतो." एवढीच तिची समीक्षा. घाव चुकीच्या जागी पडतो तो का, हे तिने एका वाक्यात सांगितले. मला त्यासाठी एवढा लेख लिहावा लागला.

ही कसोटी आपण स्वतःलाही लावली पाहिजे. महाविद्यालयाच्या हस्तलिखितासाठी दरवर्षी आमची मुले कथा आणून देतात. अनुभव अस्सल असतो. पण पुष्कळ कथांत नायक पहिल्या ओळीपासून मार खातो आणि शेवटच्या ओळीत मरतो. त्याच्या वतीने निवेदक आक्रोश करतो. म्हणजे लिहिणारा आपला, अनुभव आपला आणि नजर मात्र कीव करणाऱ्याची. अशा वेळी स्वानुभूतीचा दाखला कामाला येत नाही.

बाबूराव बागुलांनी १९६३ साली 'जेव्हा मी जात चोरली होती' मध्ये वेगळी वाट दाखविली. त्यांचा 'मी' मार खातो, पण खाली पडूनही पाहत राहतो, विचार करीत राहतो. मारणारे हात समोरच्यांचे असले तरी मारणारा मनू आहे, हे तो ओळखतो. मार खाणाऱ्यालाच घावाचा खरा धनी कळतो. दुखीजवळ नव्हते ते हेच.

तो मुलगा पुन्हा भेटला तर मी त्याला सांगेन : दुखीला राग येतो, ओंडका पाहा. मग त्याला म्हणेन, आता तू कथा लिही, आणि लिहिताना कुऱ्हाड कोणाच्या हातात आहे व समोर कोण उभे आहे, हे आधी ठरव.