मुखोद्गत आणि पोपटपंची

पाठांतराविषयी मराठी भाषेने दोन परस्परविरोधी निवाडे दिले आहेत. ‘मुखोद्गत’, ‘तोंडपाठ’ या शब्दांत गौरव आहे. ‘घोकंपट्टी’, ‘पोपटपंची’ यांत धिक्कार. अर्थ आधी आणि उच्चार नंतर, असा दंडक या धिक्कारामागे गृहीत असतो. एक जुनी चिनी म्हण नेमके उलट सांगते : ग्रंथ शंभर वेळा वाचावा, अर्थ आपणहून प्रकट होतो.

या म्हणीची प्रचीती चंदीगडच्या गुरुद्वारांत येते. सुमारे ४८ तास चालणाऱ्या अखंड पाठात नामदेवांची ६१ पदेही उच्चारली जातात. १६०४ मध्ये सिद्ध झालेल्या आदिग्रंथात ती रागवारीने लावलेली आहेत. म्हणजे डोळ्यांइतकीच ती कानांसाठी आहेत. तेथे बसलेल्या मराठी श्रोत्यास प्रत्येक शब्द उमगेलच असे नाही. परंतु ‘बीठल’ हे नाव कानी पडताच पंढरीचा विठ्ठल ओळखू येतो, आणि त्या ओळखीतून भोवतालच्या शब्दांचा अर्थ उलगडू लागतो.

तेव्हा दोष पुनरुक्तीत नसून अवधानाच्या अभावात आहे. पाठांतराला सरसकट पोपटपंची ठरविणारी समीक्षा हा भेद विसरते आणि काव्याचा कानच गमावून बसते.