विद्यापीठीय वृंदगान आणि काव्यभाषा : हेलसिंकीचे उदाहरण

विद्यापीठातील गायकवृंदांकडे विद्यार्थ्यांचा एक छंद म्हणून पाहण्याची सवय साहित्याभ्यासकांना जडलेली आहे. वस्तुतः एखादी भाषा सार्वजनिक सभागृहात कोणत्या रूपाने ऐकू यावी, हा प्रश्न काही समाजांत या वृंदांनीच सोडवला. हेलसिंकी विद्यापीठ हे याचे ठळक उदाहरण होय.

1809 पासून रशियन साम्राज्यात असलेल्या फिनलंडमध्ये सुशिक्षितांची भाषा स्वीडिश होती. फ्रेडरिक पासियस यांनी 1838 मध्ये स्थापन केलेला विद्यापीठीय गायकवृंद स्वीडिशमध्येच गात असे. आज राष्ट्रगीत मानले जाणारे गीतही रुनेबर्ग यांनी मुळात स्वीडिशमध्ये रचले. पासियस यांनी त्याला चाल दिली आणि 1848 च्या मे महिन्यात विद्यार्थ्यांनी ते गायिले. दरम्यान एलियास ल्योनरोत यांनी ‘कालेवाला’ (1835) व ‘कांतेलेतार’ (1840) या संकलनांतून फिनिश मौखिक काव्य ग्रंथबद्ध केले होते. तथापि ग्रंथात आलेली भाषा सभागृहात आपोआप पोहोचत नाही. 1883 मध्ये हान्निकाइनेन यांच्या पुढाकाराने फिनिशमध्ये गाणारा विद्यार्थ्यांचा वृंद उभा राहिला, तेव्हा या दुसऱ्या टप्प्यास प्रारंभ झाला.

या टप्प्याचे वाङ्मयीन मोल सिबेलियस यांच्या दोन रचनांवरून जोखता येते. 1892 च्या ‘कुलेर्वो’मधील तिसऱ्या भागात पुरुषवृंद निवेदकाची भूमिका घेतो आणि बहुतांशी एकस्वरात गातो. येथे संगीतकाराने पाच मात्रांचे माप योजले आहे. कालेवालाची ओळ आठ अक्षरांची, आणि फिनिशमध्ये आघात शब्दाच्या पहिल्या अक्षरावर. त्यामुळे काव्य चालीखाली दबत नाही. कथा शब्दशः ऐकू येते. याउलट कांतेलेतारमधील प्रेमगीतांवर आधारलेली ‘राकास्तावा’ (1894) ही बहुस्वरी रचना भावाचे सूक्ष्म पदर उलगडते. वृंदाने घेतलेल्या स्पर्धेत मात्र तिला दुसरे पारितोषिक मिळाले. पहिले गेनेत्स यांच्या देशभक्तिपर गीताला. या निवाड्यातून विद्यापीठीय वृंदाची मर्यादा सूचित होते: राष्ट्रभावनेसाठी उभ्या राहिलेल्या संस्थेला खासगी भावनेची कविता सहज पचत नाही.

याहून गंभीर प्रश्न लिंगभावाचा आहे. कांतेलेतारच्या दुसऱ्या खंडात मुलींची व स्त्रियांची गीते स्वतंत्र विभागांत येतात, म्हणजे या काव्याचा मोठा वाटा स्त्रीस्वराचा आहे. त्याला सभागृहात नेणारे प्रमुख वृंद मात्र पुरुषांचे होते. पुरुषवृंदांची परंपरा 19 व्या शतकात घडली. स्त्रियांना विशेष परवानगीशिवाय या विद्यापीठात प्रवेश मिळू लागला तो 1901 पासून, आणि स्वीडिशभाषी विद्यार्थिनींचा ‘लिरान’ वृंद 1946 चा. लोककाव्याचे राष्ट्रीयीकरण होताना त्याचा वक्ता बदलला, याची नोंद संगीतेतिहासापेक्षा तौलनिक साहित्यानेच घ्यावयास हवी.

आजच्या अडचणी वेगळ्या आहेत. विद्यार्थी काही वर्षांत शिक्षण संपवून बाहेर पडतात. मग संचिताची सलगता टिकवावी कशी? आंतरराष्ट्रीय स्पर्धांच्या दबावाखाली संहितेची निवड अर्थापेक्षा नादासाठी होऊ लागली, तर भाषा केवळ स्वरांचे वाहन उरण्याचा धोका संभवतो. ‘कुलेर्वो’तील एकस्वरी निवेदन या धोक्याला दिलेले एक उत्तर म्हणून पुन्हा वाचता येईल.

भारतीय विद्यापीठांनाही हा विचार परका नाही. आपली गायनपरंपरा प्रामुख्याने एकस्वरी आहे. बहुस्वरी वृंदगान स्वीकारताना संहितेचे काय होते, हे येथे मुळापासून तपासावे लागेल. ओवीचे पहिले तीन चरण यमकाने जोडलेले, चौथा आखूड. त्या आखूडपणातच तिचा ठसका असतो. चार स्वरांत विभागलेली ओवी हा ठसका राखील काय? हेलसिंकीचा अनुभव सांगतो, की याचे उत्तर वृंदाच्या आकारावर वा साधनसामग्रीवर अवलंबून नाही. छंदाची जाण असलेला रचनाकार आणि शब्द कोणाचा आहे हे विचारणारा वृंद, या दोहोंची गाठ पडावी लागते.