शहाणी झाल्यावर: तीन मराठी पुस्तकं आणि एक अडनिडं वय

मराठीत ज्या वयाला आपण 'पौगंडावस्था' म्हणतो त्याला हिंदीत 'किशोरावस्था' म्हणतात. अनुवादकाला हा बदल सोपा वाटतो, एका शब्दाच्या जागी दुसरा. पण संस्कृत टीकाकारांची एक प्रसिद्ध विभागणी पाहिली तर गोंधळ लक्षात येतो. तिच्यानुसार पाच वर्षांपर्यंत कौमार, दहापर्यंत पौगंड, पंधरापर्यंत कैशोर आणि पुढे यौवन. म्हणजे मराठीनं धाकट्या वयाचा शब्द उचलून थोरल्या वयाला लावला. 'किशोर' म्हटलं की मात्र मराठी वाचकाला बालभारतीचं मुलांचं मासिक आठवतं. शास्त्रीय नाव असं सरकलं तरी बोलीभाषेनं या वयाला नेमका शब्द दिलेला आहे: अडनिडं. धड इकडचं नाही, धड तिकडचं नाही. त्याला हिंदीत जोड मला अजून सापडलेली नाही.

मी जयपूरमध्ये राहते आणि मराठीतून हिंदीत अनुवाद करते. हरि नारायण आपटे यांची 'पण लक्षात कोण घेतो', प्रकाश नारायण संतांच्या लंपनच्या कथा आणि मिलिंद बोकील यांची 'शाळा' ही पुस्तकं मी अलीकडे शेजारी शेजारी ठेवून वाचली, ती याच अडनिड्या वयासाठी. मानसशास्त्राची पाठ्यपुस्तकं या वयातली वाढ तीन मथळ्यांखाली मांडतात: शारीरिक, भावनिक, बौद्धिक. सोयीसाठी ते ठीक आहे. साहित्यात मात्र या तीन वाढी एका पावलानं चालत नाहीत. एक पुढे जाते, दुसरी मागे राहते, आणि मधल्या जागेत कथा घडते. ही मधली जागा मराठी कथात्म साहित्यानं कोणाला दिली आणि कोणाला नाही, एवढाच माझा प्रश्न आहे.

लंपन आईवडिलांपासून दूर, सीमाभागातल्या एका गावात आजी-आजोबांकडे राहतो. त्याच्या कथांचा पहिला संग्रह 'वनवास' 1994 मध्ये आला. जुन्या विभागणीनं पाहिलं तर लंपन बराचसा खरोखरीचा पौगंड आहे. त्याचं शरीर अजून मुलाचं आहे, पण भावना शरीराच्या पुढे धावताहेत. सुमीच्या आसपास असताना आपल्या आत काहीतरी होतं एवढं त्याला कळतं, पण त्या होण्याला नाव नाही. म्हणून त्याला सगळं 'मॅडसारखं' होतं. या शब्दाला हिंदीत 'पागलों की तरह' लिहिलं की वेड उरतं आणि लंपन निघून जातो. नाव नसलेल्या भावनेची जागा धरून ठेवण्याचं काम तो शब्द करतो आणि म्हणूनच तो पुनःपुन्हा येतो.

'शाळा' 2004 ची. काळ आणीबाणीचा, मुकुंद जोशी नववीत. इथे भावनेबरोबर बुद्धीही जागी झालेली आहे. मोठ्यांच्या बोलण्यातलं राजकारण, नरूमामाशी होणाऱ्या गप्पा, मित्रांचे सिद्धांत आणि शिरोडकरविषयीची ओढ हे सगळं एकाच डोक्यात चालू असतं. मुकुंद स्वतःकडे पाहू शकतो, स्वतःला हसू शकतो. अमूर्त विचार करण्याची जी क्षमता अकराव्या-बाराव्या वर्षाच्या सुमारास येऊ लागते असं पियाजे सांगतो, ती इथे प्रेमात पडलेल्या मुलाच्या कामी येते आणि बऱ्याचदा त्याला दगाही देते. कारण विचार करता येतो म्हणून काही करता येतं असं नाही.

या जगाची भाषा हिंदीत नेताना दोन ठिकाणी अडायला होतं. पहिलं ठिकाण 'लाइन'. हिंदीतला मुलगा लाइन 'मारतो', मराठी शाळेतली मुलगी लाइन 'देते'. एका क्रियापदानं कर्ता बदलतो. पण मराठीतही ती लाइन देते की नाही हे ठरवतात मागच्या बाकावरची मुलंच. दुसरं ठिकाण आडनाव. मुलींना आडनावानं ओळखणं ही मराठी शाळेच्या हजेरीपटाची सवय. शिरोडकर ही वाचकाच्या मनात शिरोडकरच राहते. हिंदी वाचकाला हे अंतर विचित्र वाटतं आणि ते वाटू द्यावं असं माझं मत आहे. कारण ते अंतर खरं आहे. शिरोडकर आपल्याला मुकुंदच्या नजरेनं जेवढी दिसते तेवढीच कळते. तिच्या आत काय चाललंय हे मुकुंदला माहीत नाही आणि कादंबरी ते माहीत असल्याचा आव आणत नाही. हा तिचा प्रामाणिकपणा आहे. तक्रार या पुस्तकाबद्दल नाही, ते ज्या फळीवर ठेवलं आहे त्या फळीबद्दल आहे. तिच्यावर लंपन आहे, मुकुंद आहे, थोडा मोठा पांडुरंग सांगवीकर आहे. सुमीची, शिरोडकरची बाजू सांगणारं, तितक्याच ताकदीचं कथात्म पुस्तक मला शेजारी ठेवता येत नाही.

आपलं व्याकरणच यावर थोडा प्रकाश टाकतं. मराठीत लहान माणूस नपुंसकलिंगी असतं: ते मूल, ते पोर, ते लेकरू, ते कार्टं. कोकणीत तर मुलीसाठीचा 'चेडूं' हा शब्दही नपुंसकलिंगी आहे. हिंदीत ही सवलत नाही. तिथे पहिल्या दिवसापासून बच्चा किंवा बच्ची. मराठीत 'ते' गळून पडतं आणि 'तो' किंवा 'ती' उरते, तो काळ म्हणजे हे अडनिडं वय. मुलाच्या बाबतीत भाषा शरीराचं बोलते: मिसरूड फुटलं, आवाज फुटला. मुलीच्या बाबतीतही न्हाण येतं, पदर येतो. पण आणखी एक शब्द आहे, तो फक्त तिच्यासाठी: 'शहाणी झाली'. हिंदीत 'सयानी हो गई'. दोन्ही शब्दांचं मूळ एकच, सज्ञान. शरीराच्या घटनेला भाषेनं बुद्धीचं नाव दिलं. आणि ज्या दिवशी तिला शहाणी म्हटलं, त्याच दिवसापासून स्वतःच्या अकलेनं काही ठरवण्याची तिची मुभा संपली.

हे नुसतं भाषेत नव्हतं. 1891 च्या कायद्यानं मुलीचं संमतिवय दहावरून बारा झालं, तेही मोठ्या गदारोळानंतर. 1929 चा बालविवाह प्रतिबंधक कायदा ज्यांच्या नावानं सारडा कायदा म्हणून ओळखला जातो ते हरविलास सारडा इथलेच, अजमेरचे. त्या कायद्यानं मुलीच्या लग्नाचं किमान वय चौदा ठरवलं, 1949 मध्ये ते पंधरा झालं आणि अठरा झालं ते 1978 मध्ये. म्हणजे 'शाळा'तल्या आणीबाणीच्या काळात नववी-दहावीतल्या पंधरा वर्षांच्या मुलीचं लग्न लावलं असतं तर ते कायद्याला धरूनच झालं असतं. त्याच वयाच्या मुलाला मात्र आणखी तीन वर्षं होती. राजस्थानात आखातीज जवळ आली की प्रशासनाला आजही बालविवाहांवर नजर ठेवावी लागते. इथे बसून 'शाळा' वाचताना हा हिशोब डोक्यातून जात नाही.

आणि तरी मराठी कादंबरीत वाढत्या वयाची एक पहिली मोठी कहाणी मुलीच्याच तोंडून आली. 'पण लक्षात कोण घेतो' 1890 मध्ये 'करमणूक'मधून क्रमशः येऊ लागली, त्या पुढच्याच वर्षी संमतिवयाचा कायदा झाला. पुरुषानं लिहिलेली, पण यमूच्या आवाजातली. यमूचं बालपण आहे, लग्न आहे, नवऱ्याच्या साथीनं झालेलं लिहिणं-वाचणं आहे, वैधव्य आहे, सक्तीचं केशवपन आहे. तिच्या आयुष्यात नाही ते अडनिडं वय. ती मूल असते आणि मग सून असते. तिची समज शरीराच्या आणि भावनेच्या खूप पुढे ढकलली जाते, कारण जगायला तीच लागते. मुकुंदला समज ही चैन आहे, यमूला ती गरज आहे.

मग मुलीचं ते वय मराठीत कुठे लिहिलं गेलं? माझ्या वाचनात त्याचं सगळ्यात ठोस उत्तर आत्मकथनांत मिळतं: बेबी कांबळे यांचं 'जिणं आमुचं', ऊर्मिला पवार यांचं 'आयदान'. जात, भूक, काम, शाळा आणि बदलतं शरीर तिथे वेगळ्या मथळ्यांखाली येत नाही, एकमेकांत गुंतून येतं. मात्र आत्मकथनाला साक्ष द्यावी लागते. घडलं ते सांगावं लागतं. कारण नसताना रेंगाळण्याची, नाव नसलेल्या भावनेभोवती पानंच्या पानं घुटमळण्याची मोकळीक कथा-कादंबरीला असते, आणि ती मोकळीक म्हणजेच तर पौगंड.

'शाळा'च्या शेवटी शिरोडकर निघून जाते आणि मुकुंद दहावीकडे वळतो. आपण मुकुंदबरोबर राहतो, कारण पुस्तक त्याचं आहे. पण ती दुसऱ्या गावी, दुसऱ्या शाळेत गेली असेल, तिथेही हजेरीपटावर शिरोडकरच असेल, आणि तिच्याही पोटात काहीतरी मॅडसारखं होत असेल. ते कोणी मराठीत लिहिलं तर हिंदीत न्यायला मी इथे आहे.