वॉटरफॉल मॉडेल: रॉइस नेमकं काय म्हणाला होता?

सिस्टीम अ‍ॅनालिसिस अँड डिझाइनचं पुस्तक उघडलं, की सुरुवातीलाच वॉटरफॉल मॉडेल भेटतं आणि संदर्भ बहुतेकदा एकच असतो: विन्स्टन रॉइस, १९७०. पेटची तयारी करताना तुम्हीही ते पाठ केलं असेल. आता मूळ निबंध वाचा. जेमतेम ११ पानांचा आहे.

पहिली गोष्ट म्हणजे 'वॉटरफॉल' हा शब्द त्यात कुठेच नाही. दुसरी जास्त महत्त्वाची. गरजा, विश्लेषण, आराखडा, कोडिंग, चाचणी अशी पायऱ्यांची आकृती देऊन रॉइस लगेच सांगतो, की असं काम करणं धोक्याचं आहे. कारणही देतो. वेळ, स्टोरेज, इनपुट-आउटपुट यांचा प्रत्यक्ष अनुभव थेट चाचणीत येतो. तोवर सगळं कागदावरच असतं. तिथे गणित चुकलं तर आराखडाच बदलावा लागतो, कधी गरजासुद्धा. म्हणजे पुन्हा पहिल्यापासून.

म्हणून तो पाच उपाय सुचवतो. त्यातला एक: सिस्टीम दोनदा बांधा. काम ३० महिन्यांचं असेल, तर १० महिन्यांत आधी छोटी प्रतिकृती करून बघा. पुस्तकांनी आकृती उचलली आणि हे उपाय मागे ठेवले.

पण म्हणून रॉइसला डोक्यावर घेऊ नका. त्याचा कागदपत्रांवरचा विश्वास अतोनात आहे. ५० लाख डॉलरच्या सॉफ्टवेअरसाठी १५०० पानांचं स्पेसिफिकेशन तो योग्य मानतो! ग्राहकाला सामील करा म्हणतो खरं, पण ते मुख्यतः ठरावीक औपचारिक आढाव्यांतून. रोज ती सिस्टीम वापरणारा क्लार्क किंवा ऑपरेटर या निबंधात जवळपास दिसतच नाही. शिवाय अनुभव सगळा अंतराळयानांच्या सॉफ्टवेअरचा; तो कॉलेजच्या प्रवेशप्रक्रियेला जसाच्या तसा लावता येईल का, हा प्रश्न उरतोच.

हे सगळं तुमच्या कामाचं का? कारण लिटरेचर रिव्ह्यूमध्ये 'रॉइसने वॉटरफॉलचा पुरस्कार केला' असं लिहिलंत, तर तो निबंध वाचलेला परीक्षक तिथेच थांबेल, आणि तुमच्या बाकीच्या संदर्भांवरचा त्याचा विश्वासही डळमळेल. दुसऱ्याच्या यादीतून संदर्भ उचलायचाच असेल, तर आधी मूळ पान उघडा. आणि आकृती बघितल्यावर तिच्या खालचा परिच्छेदही वाचा.