विज्ञानकथा आणि कालबाह्यता

विज्ञानकथेच्या विवेचनात दोन मते वरचेवर आढळतात. तिच्यातील विज्ञान जुने झाले की कथाही जुनी होते, हे एक. आणि तिने वर्तविलेले भविष्य खरे ठरले म्हणून ती थोर, हे दुसरे. ही मते परस्परविरोधी भासली तरी त्यांचा उगम एकाच भ्रमात आहे. दोन्ही मते कथेचे मूल्य कथेबाहेरील वस्तुस्थितीवरून ठरवू पाहतात.

ई. एम. फॉर्स्टर यांची 'द मशीन स्टॉप्स' ही कथा १९०९ मधील. भूगर्भातील षट्कोनी खोल्यांत एकेकटी राहणारी माणसे आणि दूरस्थाची मुद्रा दाखविणारी तबकडी यांचे वर्णन वाचून आजचा वाचक चकित होतो. परंतु हे आश्चर्य पहिल्या वाचनाबरोबरच ओसरते. मागे उरतो तो कूनोचा हट्ट. पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूस राहणाऱ्या आईने आपल्याला समक्ष भेटावे, अशी त्याची मागणी असते. आईला, व्हाश्टीला, तबकडीवरील प्रतिमाच पुरेशी वाटते. यंत्र बंद पडते तेव्हा, मृत्यूच्या छायेत, मायलेकांना एकमेकांचा स्पर्श लाभतो. सान्निध्य म्हणजे नेमके काय, हा येथील प्रश्न भाकितावर अवलंबून नाही.

आयझॅक असिमोव्ह यांच्या 'नाइटफॉल' (१९४१) या कथेत सहा सूर्यांच्या ग्रहावर २०४९ वर्षांतून एकदाच रात्र होते. अशा ग्रहाची गती इतकी नियमित राहील काय, अशी शंका शास्त्रज्ञास यावी. व्यक्तिचित्रणही फिकेच आहे. पात्रे बहुधा युक्तिवादाचे भारवाहक आहेत. तरीही कथा टिकते. ग्रहणाचे गणित अचूक मांडणाऱ्या विद्वानांना आकाशात हजारो तारे असतील, ही कल्पनाच शिवलेली नसते. बुद्धीने अंधाराची सिद्धता केली, पण मनाची सिद्धता झाली नाही. ज्ञानाची ही मर्यादा ग्रहगणितातील दोषाने खोटी ठरत नाही.

वस्तुतः वैज्ञानिक गृहीतक ही वाचकाने एकदाच मान्य करावयाची अट असते. कादंबरीला त्या अटीभोवती सबंध जग उभारावे लागते, आणि त्या जगाचे तपशील शिळे होत जातात. लघुकथा अटीचा एकच परिणाम निवडते व तो शेवटास नेते. तिच्या चिरंजीवित्वाचे एक कारण या संक्षेपात आहे.

डॅनियल कीज यांच्या 'फ्लॉवर्स फॉर अल्जरनॉन' (१९५९) या कथेत ही अट थेट भाषेतच उतरते. मंदबुद्धी मानला गेलेला चार्ली स्वतःच्या प्रगतीची टिपणे लिहितो. शस्त्रक्रियेनंतर ती शुद्ध व प्रगल्भ होतात, आणि पुढे, अल्जरनॉन या उंदराप्रमाणेच, त्याची बुद्धी ओसरते तशी ढासळत जातात. स्वतःच्या ऱ्हासाचा नियम चार्लीनेच शोधून काढलेला असतो. मराठी अनुवादात केवळ ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका करून हे साधणार नाही. त्या सुशिक्षितांच्याही हातून होतात. वाक्यांचे सांधे निखळले पाहिजेत, कार्यकारणाचा धागा तुटला पाहिजे, आणि पूर्वी उमगलेला उपहास त्याला पुन्हा उमगेनासा झाला पाहिजे. अशी शस्त्रक्रिया अस्तित्वात नाही, याचे स्मरण शेवटची टिपणे वाचताना कोणालाही होत नाही. विज्ञानकथेच्या समीक्षेने आरंभ करावा तो या अनुभवापासून.