कौटुंबिक पार्श्वभूमी आणि विद्यार्थ्याचा आत्मविश्वास : एका मापनपद्धतीविषयी आक्षेप

कुटुंबाच्या सामाजिक-आर्थिक दर्जाचा विद्यार्थ्याच्या अभ्यासप्रेरणेशी व आत्मविश्वासाशी सहसंबंध काढणे हा शिक्षणशास्त्राच्या प्रबंधांचा नित्याचा विषय आहे. सहसंबंध निघतो, यात नवल नाही. आक्षेप आहे तो त्यावरून काढल्या जाणाऱ्या अनुमानावर. आत्मविश्वास हे जणू घरातून मिळणारे वतन आहे, असे त्यात नकळत गृहीत धरले जाते.

कुप्पुस्वामी यांची श्रेणी कुटुंबप्रमुखाचे शिक्षण, व्यवसाय व उत्पन्न यांना गुण देते. ती शहरी कुटुंबांसाठी होती. पारीक व त्रिवेदी यांनी १९६४ साली ग्रामीण श्रेणी तयार केली. तीत जात, जमीन, घर, अवजारे यांचीही गणना आहे. परंतु दोन्ही श्रेणी घरात काय आहे ते मोजतात; त्या घरात मुलाला काय करावयास मिळते, हा प्रश्न तसाच राहतो. आणि बान्डुरा यांच्या १९७७ च्या मांडणीनुसार, आपल्याला हे जमेल या विश्वासाचा सर्वांत बलवान स्रोत म्हणजे स्वतः पार पाडलेले काम होय.

हा भेद ध्यानी घेण्यास साताऱ्याबाहेर जाण्याचे कारण नाही. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली कराडजवळील काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापिली व १९२४ साली साताऱ्यास वसतिगृह काढले. निरनिराळ्या जातींची मुले तेथे एकत्र राहत, एका पंक्तीस जेवत आणि अंगमेहनत करून शिकत. येथे एक गोष्ट विशेष लक्षणीय वाटते. बापाची शेतमजुरी श्रेणीच्या तक्त्यात मुलाचे गुण कमी करते. वसतिगृहात मात्र खोदण्याचे, पाणी देण्याचे, ओझे वाहण्याचे तेच घरचे कसब मुलाच्या शिक्षणाचे भांडवल ठरले. पार्श्वभूमी बदलली नव्हती. तिची किंमत बदलली होती.

तथापि या उदाहरणाचा जयघोष करणारेही एक गोष्ट विसरतात. शेतावरचे दोन राबते हात शाळेसाठी मोकळे करणारे घर सामान्य नव्हे. प्रेरणेचा काही अंश त्या निर्णयातच होता आणि तो कोणत्याच श्रेणीत नोंदला जात नाही. तो निर्णय कित्येकदा आईचा असतो. पण कुटुंबप्रमुखाच्या रकान्यात आई बहुधा येत नाही. वसतिगृहातील मुलांसाठी अंगावरचे दागिने खर्ची घालणाऱ्या लक्ष्मीबाई पाटील यांचे स्थान कोणत्या रकान्यात शोधावे?

आज साताऱ्या-सांगलीच्या कारखान्यांच्या पट्ट्यात हंगामापुरती येणारी मराठवाड्यातील ऊसतोड कामगारांची मुले घ्यावीत. त्यांचा कौटुंबिक दर्जा गावी आणि फडावर एकच भरेल. शाळेशी असलेले नाते मात्र दर हंगामाला तुटते. अशा मुलाची प्रेरणा कमी आढळली, तर ती पार्श्वभूमीच्या खाती टाकण्यापूर्वी संशोधकाने निदान एवढे विचारावे, की या वर्षी त्याने कोणता धडा शेवटपर्यंत पुरा केला.