आभासी ग्रंथालयाला छप्पर कशाला?

डोळ्यांवर चढवून आभासी जगात नेणारी उपकरणे शाळेसाठी घ्यावीत का, असा प्रश्न आता शिक्षकांपुढे येऊ लागला आहे. निर्णयापूर्वी ‘सेकंड लाइफ’चा अनुभव तपासून पाहणे उपयोगी ठरेल.

सॅन फ्रान्सिस्कोच्या लिंडन लॅब या कंपनीने २००३ मध्ये हे संगणकी जग खुले केले. त्यात शिरणारा आपला ‘अवतार’ घडवतो. हा अवतार चालतो, उडतो, इतरांशी संवाद साधतो. अमेरिकेतील इलिनॉय राज्याच्या अलायन्स लायब्ररी सिस्टिमने २००६ मध्ये तेथे ग्रंथालय सुरू केले व त्यातून ‘इन्फो आयलंड’ उभे राहिले. पुढे सॅन होजे स्टेट विद्यापीठाच्या ग्रंथालयशास्त्र विभागानेही तेथे आपले बेट घेतले.

कल्पना धाडसी, पण बांधकाम जुन्याच वळणाचे! अवतार थकत नाही, तरी सभागृहांत खुर्च्यांच्या रांगा. उडता येते, तरी जिने. पावसाची भीती नाही, तरी छपरे. कपाटातल्या पुस्तकावर टिचकी मारली की बहुधा इंटरनेटवरचे साधे पानच उघडे. सूचीत दोन शब्द टाकून जे मिळते, त्यासाठी वाचकाला दालने का हिंडवायची? शिवाय ताकदवान संगणक नसलेला वाचक दाराबाहेरच राहिला.

संदर्भसेवेचे मात्र तसे नव्हते. ग्रंथपाल अवतार घेऊन मेजापाशी थांबत. आपल्याला नेमके काय हवे, हे वाचकाला अनेकदा सांगता येत नाही. प्रतिप्रश्न विचारून ते काढून घ्यावे लागते. ग्रंथालयशास्त्राच्या विद्यार्थ्याला हा सराव दूरदेशीच्या अनोळखी माणसाबरोबर करता येणे, हा खरा लाभ होय.

विज्ञानातले उदाहरण टेक्सास वेस्लियन विद्यापीठाच्या मेरी अ‍ॅन क्लार्क यांच्या ‘जीनोम आयलंड’चे. तेथे मेंडेलच्या वाटाण्याची बाग आहे. संकर करावा, संतती मोजावी, गुणोत्तर काढावे. प्रत्यक्षात एक हंगाम लागणारे काम काही मिनिटांत होते. मोजणी व अनुमान शिकवायला हे उत्तमच. पण त्या वाटाण्यात मेंडेलचा नियम आधीच लिहून ठेवलेला आहे. नियम खरा की खोटा, हे तो वाटाणा सांगू शकत नाही. त्यासाठी कुंडीतलाच वाटाणा हवा.

आणखी एक धडा जमिनीचा. शैक्षणिक संस्थांना मिळणारी निम्म्या भाड्याची सवलत कंपनीने २०११ पासून बंद केली. ती २०१३ मध्ये पुन्हा दिली. दरम्यान अनेक संस्थांनी बेटे सोडली. परक्या जागेवर बांधलेली शाळा मालकाच्या मर्जीवर चालते.

तेव्हा विक्रेता दारी आला, तर त्याला दोन प्रश्न अवश्य विचारावेत. वर्गात, बागेत वा गावच्या वाचनालयात जे करता येत नाही, असे यात नेमके काय करता येईल? आणि उद्या तुम्ही दुकान बंद केलेत, तर मुलांनी केलेले काम कोणाकडे राहील?